गुरुवारचे राजे

३ मे

चिमणे,

माझं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. तुझी वहिनी बरी, मुली बऱ्या, आणि मावशी दर पत्रात ज्याची चौकशी करते ते माझं पोटही बरं.

काम काढलंय. आमच्या रेडिओ केंद्रावर नाटकं बंद झाली. का, ते विचारू नकोस; वरून कागद आला आणि बंद झाली. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळच्या बातम्यांनंतरची पंधरा मिनिटं मोकळी पडलीत आणि तिथे मी आपला वाद्यसंगीत लावतोय. संचालक म्हणाले, काहीतरी ज्ञानाचं द्या, पण कुणाला झोंबेल असं नको. मला एकदम तू आठवलीस. इतकी वर्षं हिब्रू शिकवतेस, आणि घरी आलीस की त्यांच्या धर्मग्रंथातल्या राजांच्या नि संदेष्ट्यांच्या गोष्टी अशा सांगतेस की ताटं तशीच राहतात. त्याच सांग. धर्म नको, उपदेश नको. लिहिणाऱ्यांनी राजे कसे रंगवले, संदेष्टे कसे रंगवले, एवढंच. संचालकांना मी म्हटलं, हजारो वर्षांपूर्वीचे राजे आहेत, त्यांचे कोणी नातेवाईक आपल्याकडे तक्रार घेऊन येणार नाहीत. हसले, आणि सही केली.

टेपरेकॉर्डर बसने पाठवतोय. घरीच बोल आणि टेप पाठवून दे. मानधन फार नाही, पण मावशीला संध्याकाळी रेडिओशी भांडायला एक निमित्त मिळेल.

बाकी इकडे नवीन काही नाही. मागच्या महिन्यात साहेबांचं लग्न झालं, ते तुम्ही ऐकलं असेलच. न ऐकून सांगता कुणाला. सबंध राज्याच्या धन्याचं लग्न; आठवडाभर आम्ही दुसरं काही लावलंच नाही.

दादा


८ मे

प्रिय दादा,

यंत्र पोचलं. आईने ते आधी ओल्या फडक्याने पुसलं, मग माझी बोलणी खाल्ली, मग मला चार सुनावली. अडगळीच्या खोलीत गाद्या भिंतीला उभ्या लावून मी रेडिओ केंद्र थाटलंय. शेजारच्या शिंप्याला सांगितलंय की मी दार लावलं की मशीन थांबवायचं. तो म्हणतो, राजेलोकांसाठी एवढं करीन.

तुला कल्पना नाही मला किती आनंद झालाय. कॉलेजातली मुलं परीक्षेपुरती शिकतात. मला कुणाला तरी सांगायचं होतं की हे लिहिणारे काय विलक्षण लोक होते! आजूबाजूच्या देशांतले राजे आपले पराक्रम दगडावर कोरून घ्यायचे. त्या दगडांवर राजा कधी हरत नाही, चुकत नाही, त्याला साधी सर्दी होत नाही. आणि ह्यांनी आपल्या सगळ्यात लाडक्या राजाचं पाप लिहून ठेवलं, तेही कसलीही सारवासारव न करता. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे, हे आधी सांगावं लागेल. देवाचा निरोप घेऊन राजापुढे उभा राहायचा तो. त्याच्यामागे फौज नाही, कुणी नाही. बऱ्याच जणांना तर जायचंच नसतं.

पहिल्या भाषणात म्हातारा संदेष्टा लोकांना बजावतो: राजा मागू नका, तो तुमची पोरं रथापुढे पळवील, शेतं घेईल. लोक म्हणतात, घेऊ दे, आम्हाला राजा हवाच.

दुसऱ्यात तो लाडका राजा. फौज लढाईवर गेलेली आणि हा घरी. गच्चीवरून त्याला एक बाई आंघोळ करताना दिसते. तिचा नवरा ह्याच्याच फौजेत. तरी हा तिला बोलावून घेतो. दिवस जातात. मग हा सेनापतीला लिहितो, त्या शिपायाला ऐन लढाईच्या तोंडाशी ठेवा आणि मागची माणसं काढून घ्या. नवरा मरतो, राजा बाईशी लग्न लावतो, सगळं कसं नीट होतं. तेव्हा संदेष्टा येऊन गोष्ट सांगतो: एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी हिसकावून कापली. राजा भडकतो, कोण तो, त्याला जिवंत ठेवू नका! संदेष्टा म्हणतो, तो तूच.

हे सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. पहिली टेप सोमवारच्या बसने निघेल.

चिमणी


१७ मे

चिमणे,

पहिलं भाषण फार छान झालं. तांत्रिक खोलीतली माणसं चहा सोडून ऐकत होती. तुझा आवाज यंत्रावर वयाने मोठा वाटतो, ते बरंच आहे.

पण दुसरं बदल. गच्चीवाला राजा नको. दुसरा कुठलाही घे. राजे काय कमी आहेत तुझ्याकडे? कारण विचारू नकोस. पत्रात सगळं लिहिता येत नाही आणि हल्ली आमच्याकडची पत्रं जरा उशिरा पोचतात, पाकिटाचा डिंक दोनदा लावल्यासारखा दिसतो.

मावशीला म्हणावं पोट ठीक आहे.

दादा


२२ मे

प्रिय दादा,

वाचून हसू आलं. एवढा मोठा कार्यक्रम अधिकारी, आणि एका बाईच्या आंघोळीला लाजतोस? आई म्हणाली, लहानपणीही तो असाच होता, पाहुणे आले की पलंगाखाली.

बरं, तुझी अब्रू राखली. गच्ची काढली, आंघोळ काढली. पण संदेष्टा आणि कोकरीची गोष्ट काढणं माझ्याच्याने होणार नाही. ती काढली तर मी बोलायचं काय? त्याऐवजी भाषेबद्दलचं एक निरीक्षण घातलंय, कुणालाही चालेल असं. राजाने त्या बाईशी लग्न केलं, ती राजवाड्यात राहायला आली, तिला मूल झालं. तरीही लिहिणारा तिला राणी म्हणत नाही. त्या मेलेल्या शिपायाचं नाव घेऊन ‘त्याची बायको’ असंच लिहितो. राजाने लग्न लावलं, पण वाक्यात नवरा जिवंत ठेवलाय त्या लेखकाने. एका शब्दात केवढं काम केलंय बघ!

टेप सोबत आहे. आता तरी तक्रार नको.

चिमणी


३ जून

चिमणे,

हे पत्र टपालाने येणार नाही. आणणारा आमच्या गाडीवरचा ड्रायव्हर आहे, त्याला जेवू घाल आणि वाचून झालं की चुलीत घाल.

तुझं दुसरं भाषण रेडिओवर गेलं. टेप लावण्याआधी मी एकट्याने ऐकली. ‘त्याची बायको’ पाशी आलो आणि यंत्र थांबवलं. माझ्या हातात ब्लेड होतं. टेपचा वीतभर तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवायची, कुणाला कळलंही नसतं. आमचं रोजचं काम आहे ते. मी ब्लेड खाली ठेवलं.

आता ऐक. नदीवरच्या नव्या पुलाचा इंजिनिअर माझा मित्र होता. पुलाबद्दल बोलायला केंद्रावर आला आणि मग येतच राहिला. स्वतःचा विनोद पुरा व्हायच्या आधी स्वतःच हसायचा. साहेब पुलाची पाहणी करायला गेले तेव्हा त्याच्या घरी चहाला थांबले. नंतर पाहण्या वाढल्या. मग मागच्या पुरात ह्याला हुकूम आला की मधला खांब नावेतून जाऊन तपास. त्या पाण्यात! नाव काठावरून दोराने धरायची होती, दोरावर माणसं होती. नाव खांबाशी पोचली आणि त्या माणसांना सांगण्यात आलं, सोडा. दोर सुटला नाही, चिमणे, सोडला. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. शहरात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणालाच माहीत नाही. त्या इंजिनिअरची बायको आज बाईसाहेब आहे. तिला मात्र अपघात म्हणूनच सांगितलंय.

भाषणानंतर सकाळी आमच्या फाटकासमोरच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘त्याची बायको’. पुसलं. दुपारी बाजारात, संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर. चुना लावणारी माणसं दिवसभर फिरताहेत आणि अक्षरं त्यांच्या पुढे पळताहेत.

संचालक रजेवर गेलेत. मला अजून कुणी काही विचारलेलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

दादा


५ जून

दादा,

ड्रायव्हर काल रात्री पोचला, आता जेवून निघतोय म्हणून घाईने लिहिते.

तू मला न विचारता माझ्या तोंडून बोललास. माझ्या घरात म्हातारी आई आहे, हे तुला ब्लेड खाली ठेवताना आठवलं नाही? मी ते निरीक्षण एका मेलेल्या भाषेतल्या शब्दाबद्दल केलं होतं. मला एवढंच माहीत होतं! तुझा मित्र होता तर तू बोलायचंस, तुझ्या आवाजात.

आणि तरीही रात्रभर मनात येतंय की हे आधी ठाऊक असतं तर मी काय केलं असतं. गच्ची नको म्हणालास तेव्हा मी तुला हसले. कदाचित कळूनसवरून मी ती टेप पाठवलीच नसती. मग तुझ्यावर रागावू कशाच्या जोरावर?

आता मुख्य गोष्ट. काल एक गृहस्थ आले. अतिशय सभ्य, चपला बाहेर काढून आत आले, आईला वाकून नमस्कार. म्हणाले, साहेब दौऱ्यावर मंगळवारी ह्या गावी मुक्कामाला आहेत, तुमचं भाषण त्यांना फार आवडलं, विश्रामगृहावर चहाला बोलावलंय. आईने विचारलं, आणि हिला नाही जमलं तर? ते हसून म्हणाले, जमेल हो. निघताना त्यांनी शिंप्याच्या दुकानाकडे बघून विचारलं, हाच का मशीन थांबवणारा?

दादा, शिंप्याचं मी फक्त तुलाच लिहिलं होतं.

चिमणी


६ जून

चिमणे,

जा. न जाण्याची सोय नाही. कमी बोल. साहेब आवाज चढवत नाहीत, त्याने बेसावध होऊ नकोस. रागावलीयस त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

ड्रायव्हर पुन्हा येईल. टपालाने खुशाली तेवढी लिहीत जा, पोटाबद्दल वगैरे.

दादा


१० जून

दादा,

जाऊन आले. धडधाकट आहे.

विश्रामगृहाच्या मागच्या व्हरांड्यात साहेब वेताच्या खुर्चीत बसले होते, बूट काढून, पायांत नुसते मोजे. एका मोज्याला अंगठ्यापाशी रफू केलेलं. का कुणास ठाऊक, त्या रफूनेच मला घाबरवलं. टेबलावर टेपरेकॉर्डर होता. बाईसाहेब बाजूच्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. तुझ्या-माझ्याहून पुष्कळ लहान आहे रे ती. पोट चांगलंच दिसतंय. लग्न एप्रिलमधलं; मी हिशेब करायला गेले नाही.

“बसा बाई,” ते म्हणाले. “तुमचं भाषण मी पुन्हा पुन्हा ऐकतो. पण तुम्ही गोष्ट अर्धी टाकलीत. ‘तो तूच’ म्हटल्यावर राजा काय म्हणाला?”

“म्हणाला, माझ्या हातून पाप झालं.”

“सबबी?”

“एकही सांगितली नाही.”

“आणि मग त्याला क्षमा झाली.”

“संदेष्टा म्हणाला, तू मरणार नाहीस.”

“हे तुम्ही रेडिओवर सांगितलं नाहीत.”

“वेळ संपली, साहेब.”

ते मनापासून हसले. “मग आता वेळ देतो. २४ तारखेच्या गुरुवारी केंद्रावर या. टेप नको, समोरासमोर. मी आधी चार शब्द बोलेन. माणसाच्या हातून चुका होतात, मलाही काही गोष्टींचं दुःख आहे, असं. मग तुम्ही त्या राजाचं सांगा आणि ते क्षमेचं वाक्य म्हणा. राजा रडला की लोकांना बरं वाटतं, बाई. भिंतींवर लिहिण्यापेक्षा ते बरं.”

मी म्हटलं, “त्या वाक्याला जोडून आणखी एक वाक्य आहे.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “ते नको.”

त्यांनी ग्रंथ वाचलाय, दादा. तुला सांगते, राजाला क्षमा होते पण ते मूल जगत नाही, असं ते पुढचं वाक्य आहे. मी झोपाळ्याकडे बघितलं आणि ते वाक्य गिळलं. तिथे मी गप्प बसले ते भीतीने नव्हे.

तेवढ्यात तीच बोलली. “त्या बाईला कुणी काही विचारलं का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “त्या सगळ्या प्रकरणात तिचा फक्त एक निरोप लिहिलाय. मी गरोदर आहे, एवढाच.”

“नवरा कसा गेला ते तिला माहीत होतं?”

“ते लिहिलेलं नाही.”

साहेब मऊ आवाजात म्हणाले, “आत जा आता, पाय सुजतील.” ती गेली. मग त्यांनी मला विचारलं, आईंची दृष्टी कशी आहे, ऑपरेशन केलं ते डॉक्टर बरे होते का. डॉक्टरांचा सगळा पत्ता त्यांना ठाऊक होता.

मी येणार आहे २४ ला. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

चिमणी


२६ जून

दादा,

तुझ्या शहरात येऊन तुला न भेटता परत पाठवली गेले, त्यामुळे हे लिहावं लागतंय.

स्टुडिओत मी, साहेब आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर ती. तू काचेपलीकडे, कानांवर ते यंत्र. तू माझ्याकडे बघत नव्हतास. साहेब चांगलं बोलले. आवाज बरोबर जागेवर फुटला, रुमाल निघाला. मग मला खूण झाली.

मी म्हटलं, तो संदेष्टा पाठवलेला होता. मला कुणी पाठवलेलं नाही, म्हणून क्षमा माझ्या हातात नाही. त्या राजाने आधी केलेलं पाप कबूल केलं, इथे पाप कुठलं तेच सांगितलेलं नाही. मी सांगते. मागच्या पुरात पुलाच्या इंजिनिअरला नावेत बसवून मधल्या खांबाशी पाठवलं आणि काठावरच्या माणसांना दोर सोडायला लावला. तो हुकूम कुणी दिला, ते साहेबांनी सांगावं. मग रडावं.

टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. पण बोलले. पूर्ण बोलले. मग बघितलं तर लाल दिवा विझलेला होता.

साहेबांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, “छान बोलता.” गाडीने मला घरी आणून सोडलं. आई दारात उभी होती. म्हणाली, साहेब काय गं रडले! मग तू ‘तो संदेष्टा’ एवढंच म्हणालीस आणि एकदम वाद्यसंगीत लागलं. मला वाटलं, तुला भोवळ आली.

मागच्या वेळी मला नकळत बोलू दिलंस. ह्या वेळी मी जीव मुठीत धरून बोलायला आले, तर बटण बंद केलंस. गावात लोक मला बघून हसतात, साहेबांबरोबर रडणारी बाई म्हणून. कॉलेजने सत्काराचं पत्र पाठवलंय.

मी जिवंत घरी आले ह्याचं मला बरं वाटलं, दादा, आणि त्या बरं वाटण्याची मला किळस येतेय.

चिमणी


२८ जून

चिमणे,

बटण मीच बंद केलं. माझ्यामागे पहारेकरी उभा होता असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तो बाहेर सिगरेट ओढत होता. मी घाबरलो. तुझ्यासाठी घाबरलो असं म्हणायला आवडेल, पण माझ्या मुली डोळ्यांसमोर आल्या आणि बोट आपोआप दाबलं गेलं.

पण तुझं बोलणं अगदीच वाया गेलं नाही. काचेच्या आत एक श्रोता होता, त्याला बंद करायचं बटण माझ्याकडे नव्हतं.

तुला नेल्यावर साहेब उठले, ‘चला’ म्हणाले. ती उठली नाही. माझ्या कानांवर यंत्र तसंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, “दोर सोडला म्हणजे?” साहेब म्हणाले, “बाई शिकलेल्या आहेत, गोष्टी रचतात.” ती म्हणाली, “तुम्ही त्यांना खोटं का म्हणाला नाहीत?” साहेब रुमालाची घडी घालत राहिले. मग ती काचेपाशी आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला ओळखायची ती; इंजिनिअरबरोबर कितीदा तरी मी तिच्या हातचा चहा प्यालोय. मी मान हलवली. हो म्हणून.

काल भरदुपारी ती साहेबांच्या घराच्या पुढच्या फाटकातून चालत बाहेर पडली. पहारेकऱ्यांना कळेना, बाईसाहेबांना अडवायचं की सलाम ठोकायचा. थेट पुलाजवळच्या कामगार वसाहतीत गेली, इंजिनिअरच्या आईकडे. लग्न झाल्यापासून म्हातारीने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. दार उघडून म्हातारीने आधी तिच्या पोटाकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि म्हणाली, “उन्हात उभी राहू नकोस.” शेजारणींनी ऐकलंय.

आता गल्लीच्या तोंडाशी साहेबांच्या गाड्या उभ्या आहेत, नंबरपाट्या काढलेल्या. आत अजून कुणी शिरलेलं नाही. अंधार पडायची वाट बघत असावेत. आणि आमच्याकडे कागद आलाय, आज संध्याकाळच्या बातम्यांत वाचायचा: बाईसाहेबांची प्रकृती अचानक बिघडली आहे, प्रार्थना करावी. बरी असलेली बाई आजारी आहे असं आधी का सांगतात, ते तुला सांगायला नको.

निवेदकाचा घसा बसलाय. खरोखर बसलाय की काय कोण जाणे. वाचायचं माझ्यावर आलंय.

मावशीला म्हणावं, आज रेडिओ लाव. मुली आणि त्यांची आई सकाळीच तिच्या माहेरी गेल्या आहेत.

दादा


१९ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुला दर आठवड्याला मिळतं ते तपासलेलं पत्र वेगळं. त्यात मी हवापाणी लिहिते. हे नेणारा कोण ते लिहीत नाही.

तुझ्या अटकेनंतरचे पहिले पंधरा दिवस आम्हाला तू आहेस की नाहीस हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तुलाही बाहेरचं काही कळलं नसणार. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

त्या संध्याकाळी आम्ही रेडिओपाशी बसलो होतो. शिंपीही आला होता. तू म्हणालास, “बाईसाहेब आजारी नाहीत. त्या पुलाजवळच्या वसाहतीत आपल्या सासूबाईंकडे आहेत. गल्लीच्या तोंडाशी गाड्या उभ्या आहेत. ज्यांना तिथे जाता येईल त्यांनी आत्ता जावं.” आवाज अजिबात हलला नाही तुझा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार आपटलं, आणि पुढे काहीच नाही. वाद्यसंगीतसुद्धा नाही. आईने रेडिओ बंद करू दिला नाही. तशीच त्या खरखरीपुढे बसून राहिली, मांडीवर हात ठेवून.

लोक गेले, दादा. आधी वसाहतीतल्या बायका, मग पुलावरचे कामगार, मग शहरातून. हातांत कंदील, काहींच्या कडेवर मुलं. नुसते गल्लीत बसले. पहाटेपर्यंत गाड्या निघून गेल्या. त्या दोरावरच्या माणसांपैकी तो पळालेला परत आला आणि म्हातारीच्या अंगणात सगळ्यांसमोर बोलला.

ती अजून तिथेच आहे. मागच्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी आहे, रंग तिचा, आवाज मात्र कुणाचा कोण जाणे, गल्ली दणाणते म्हणतात. म्हातारी तिला तेल लावते. गल्लीत अजून आळीपाळीने माणसं बसतात, कारण साहेब अजून साहेबच आहेत. त्यांच्या घरातला दिवा जळतो, नवे शिपाई भरती होताहेत, आणि वसाहत पाडून तिथे रस्ता करायचा नकाशा तयार आहे असं ऐकते. गोष्टीतला राजा रडला होता. साहेब रडून झालेत. पुढे काय करतील सांगता येत नाही.

कॉलेजने मला काढलं. मी आणि आई तुझ्या घरी राहायला आलोय. वहिनीने आईला पोळ्या करायला मनाई केली आहे आणि त्यावरून रोज भांडण आहे, तेवढीच घरात जाग. मुली माझ्याकडे हिब्रू अक्षरं गिरवतात. तुझ्यावर रागावले होते, तो राग कुठे गेला ते शोधूनही सापडत नाही.

आज तुझे कपडे द्यायला आम्ही तुरुंगाच्या फाटकाशी रांगेत उभ्या होतो. दर वेळी असतात तशाच, भिंतीच्या कडेने पार कोपऱ्यापर्यंत बायका. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. खिडकीतल्या शिपायाने पिशवी चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “तुम्हीच का त्या, गुरुवारच्या?”

मी हो म्हटलं. म्हटलं, आता इथेच ठेवतात की काय.

तो म्हणाला, “संदेष्टा ‘तो तूच’ म्हणाला, इथपर्यंत मी ऐकलं होतं. पुढच्या वेळी तुम्ही बोलायला लागलात आणि ते बंदच पडलं. पुढे काय झालं?”

वहिनीने माझा दंड घट्ट धरला. मी सांगायला लागले. खालच्या आवाजात, खिडकीपुरतं. राजाने काय कबूल केलं, संदेष्टा काय म्हणाला, आणि साहेबांनी जे नको म्हणून सांगितलं होतं ते वाक्यही. मागची बाई पुढे सरकली, तिच्या मागची तिला विचारायला लागली, काय म्हणताहेत, काय म्हणताहेत.

शिपायाने आत वळून बघितलं, तुरुंगाचं आतलं दार पायाने लोटून घेतलं, आणि मला म्हणाला, “जरा मोठ्याने बोला बाई. मागच्यांना ऐकू येत नाही.”

चिमणी